नायगारापर्यंतचे एकतीस ठिपके

न्यू जर्सीतल्या मराठी माणसाने नायगारा पाहून आल्यावर त्यावर ब्लॉग लिहावा, असं त्यात काही शिल्लक राहिलेलं नाही. भारतातून आईवडील आले की पहिल्या महिन्यात न्यूयॉर्क, मग वॉशिंग्टन आणि उन्हाळा लागला की नायगारा, हा इथला ठरलेला क्रम. आम्ही वेस्ट विंडसरला राहतो. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांच्या आईवडिलांचे निळ्या रेनकोटातले फोटो मी पाहिलेले आहेत. माझ्या सासूसासऱ्यांचा तेवढा नव्हता. या वर्षी ते दोघं तिसऱ्यांदा आले होते आणि तरीही आमच्या घरापासून अर्ध्या तासापलीकडची अमेरिका त्यांनी जवळजवळ पाहिलीच नव्हती.

अडायचं ते बाबांपाशी, म्हणजे माझ्या सासऱ्यांपाशी. कुठेही जायचं म्हटलं की ते म्हणायचे, तुम्ही जाऊन या, मी घर बघतो. आई त्यांना सोडून जायच्या नाहीत. निखिलने, माझ्या नवऱ्याने, मागच्या वेळी दोनदा हॉटेल बुक करून दोनदा कॅन्सल केलं होतं. दुसऱ्यांदा कॅन्सल केलं तेव्हा तो बाबांशी तीन दिवस फक्त कामापुरतं बोलत होता. या वेळी त्याने विचारणंच सोडून दिलं.

बाबा घरबशे मुळीच नाहीत. साताऱ्याला वीज मंडळात ते लाइनमन म्हणून लागले आणि इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झाले. जावळीच्या डोंगरात कुठला खांब कुठल्या नाल्याच्या कोणत्या बाजूला आहे हे त्यांना अजून पाठ आहे. असा माणूस इथे येऊन मागच्या अंगणातल्या खुर्चीवर सहा महिने बसून राहतो, हे मला खटकायचं. पण कारण शोधायला मी कधी बसले नाही.

जूनमध्ये एका सकाळी बाबांना स्वयंपाकघरात चक्कर आली. आम्ही त्यांना जवळच्या क्लिनिकमध्ये नेलं. लघवीचं इन्फेक्शन झालं होतं आणि अंगात पाणी फारच कमी होतं. दिवसाला किती पाणी पिता, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाबा भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिले. घरी आल्यावर आईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. चार वर्षांपासून प्रोस्टेटचा त्रास आहे. गोळ्या चालू आहेत, पण दर पाऊण तासाला जावं लागतं, आणि जायचं वाटलं की थांबता येत नाही. म्हणून बाहेर जायचं असेल त्या दिवशी ते सकाळपासून पाणीच घेत नाहीत. भारतीय किराण्याच्या दुकानात जायचं असलं तरी नाही. आणि ते दुकान आमच्यापासून वीस मिनिटांवर आहे.

मग मला पहिल्या वर्षीची एक दुपार आठवली. देवळातून परत येताना पुढे अपघात झाला होता आणि आम्ही सव्वा तास हायवेवर अडकलो होतो. घरी पोचल्यावर बाबा म्हणाले, गाडीत पाण्याची बाटली सांडली. सीट मी पुसली होती. पाणी नव्हतं हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं आणि मी गप्प बसले होते. निखिल पुढे बसून गाडी चालवत होता, त्याला पत्ताच नव्हता. मी गप्प बसले ते बाबांचा मान राखायला, असं मला वाटत होतं. ते चार वर्षं त्या सीटवरच बसून राहिले असतील हे माझ्या डोक्यात आलं नाही.

माझी नोकरी नकाशांची आहे. एका छोट्या इंजिनिअरिंग कंपनीत मी पावसाच्या पाण्याच्या गटारांचे नकाशे करते. कुठली जाळी कुठल्या पाइपाला जोडली आहे, पाणी किती मिनिटांत कुठे पोचेल, असलं काम. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी ऑफिसचा लॅपटॉप बंद केला आणि स्वतःचा उघडला.

तुम्हाला असा नकाशा करायचा असेल तर मी वापरलेलं सगळं फुकट आहे आणि त्यासाठी माझ्यासारखी नोकरी असायची गरज नाही. पहिला नकाशा म्हणजे जगभरच्या हौशी लोकांनी मिळून काढलेला, ज्यात कोणीही भर घालू शकतं. त्यात दुकानं आणि रस्ते असतातच, शिवाय बाकं, पिण्याच्या पाण्याचे नळ आणि सार्वजनिक शौचालयंही एकेक ठिपका देऊन नोंदवलेली असतात, आणि नुसती शौचालयं दाखव असं सांगता येतं. दुसरी, राज्याच्या रस्ते खात्याची साइट. हायवेवरचे रेस्ट एरिया कुठे आहेत, कुठे खोदकाम चालू आहे, हे तिथे रोजच्या रोज दिसतं. तिसरं एक साधन असं, की नकाशावर एका जागी बोट ठेवलं की तिथून वीस मिनिटांत गाडीने कुठवर पोचता येईल तेवढा भाग ते रंगवून दाखवतं. आणि चौथे म्हणजे उपग्रहाचे फोटो. ठिपका आहे तिथे खरंच छप्पर आहे का, हे त्यात डोळ्यांनी बघता येतं.

ठिकाणं निवडताना मी बाबांचा स्वभाव धरून चालले. पेट्रोल पंपावर किल्ली मागावी लागते, ती ते मागणार नाहीत. हॉटेलात काही न खाता नुसतं आत जाऊन यायचं हे त्यांना पटणार नाही. म्हणून मी फक्त अशा जागा घेतल्या, जिथे कोणाला काही विचारावं लागत नाही: रेस्ट एरिया, टुरिस्ट सेंटर, बागा, लायब्ररी, मोठी किराणा दुकानं. घरापासून नायगारापर्यंत एकतीस ठिपके झाले. दोन ठिपक्यांत वीस मिनिटांपेक्षा कमी अंतर असेल तो रस्ता हिरवा, जास्त असेल तो लाल. लाल तुकडा एकच राहिला, स्क्रँटन ओलांडल्यानंतरचा, चौतीस मिनिटांचा.

नकाशा तयार झाला, पण तो द्यायचा कसा? सुनेने सासऱ्यांपुढे हा विषय काढायचा कसा, ते मला सुचेना. शेवटी मी तो ऑफिसच्या मोठ्या प्रिंटरवर छापला, वर ‘चहाचे थांबे’ असं लिहिलं आणि त्यांच्या पेपर वाचायच्या टेबलावर ठेवून कामाला निघून गेले.

संध्याकाळी आले तेव्हा बाबा अंगणात नव्हते. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून, चष्मा कपाळावर चढवून बसले होते. मी चपला काढल्या, हात धुतले. त्यांनी मान वर न करता विचारलं, “हा चौतीस मिनिटांचा आहे, तो कमी होईल का?”

मी त्यांच्या शेजारी बसले आणि लॅपटॉप उघडला. दोघांनी मिळून हायवेपासून तीन मिनिटं आत असलेल्या एका गावात लायब्ररी शोधून काढली, ती किती वाजता उघडते तेही पाहिलं. तुकडा एकोणीस मिनिटांवर आला. बाबांनी पेनाने तिथे ठिपका काढला आणि म्हणाले, “मग बघू.” निखिलने ते हॉलमधून ऐकलं. त्याने मला खुणेनेच विचारलं, काय झालं? मी त्याला हॉटेल बुक करायला सांगितलं.

जुलैमधल्या एका गुरुवारी सकाळी सात वाजता आम्ही निघालो. चार दिवस, तीन रात्री. रस्ता असा: २८७ वरून ८० ला लागायचं, डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात शिरायचं, ३८० ने स्क्रँटन, तिथून ८१ ने बिंगहॅम्टन आणि मग पश्चिमेला वळून १७ नंबरचा रस्ता, ज्याला आता ८६ म्हणतात. एरवी लोक एका दमात सात तासांत नायगारा गाठतात. आम्ही पहिला मुक्काम लेचवर्थ पार्कच्या अलीकडे ठरवला होता. आईंनी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. थर्मासमध्ये चहा होता. त्यामुळे पहिल्या दिवशी बाहेरचं खायची वेळच आली नाही.

पहिल्या थांब्यावर बाबा म्हणाले, मला नाही जायचं, तुम्हाला जायचं तर जा. मी उतरले. दुसऱ्या थांब्यावर, डेलावेअरच्या काठी, मी म्हटलं मला परत जायचंय, आणि उतरताना त्यांच्या बाजूचं दार उघडून ठेवलं. थोड्या वेळाने तेही आले. मग तसाच क्रम पडला. प्रत्येक ठिपक्याला मला जायचं असायचं आणि मी निघालेच आहे तर ते पाय मोकळे करायला यायचे. निखिलला वाटलं मलाच काहीतरी झालंय. स्क्रँटनच्या अलीकडे त्याने हळूच विचारलं, डॉक्टरकडे जायचं का? मी म्हटलं, गाडी चालव.

डेलावेअर नदी जिथे डोंगर कापून जाते ती जागा न थांबता जाण्यासारखी नाही. दोन्ही बाजूंना झाडीने भरलेले कडे आणि मधून रुंद, संथ पाणी. आई काठावर दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, कृष्णा अशी दिसते पाऊस संपल्यावर. लायब्ररीचं गावही छान निघालं. एकच मोठा रस्ता, एक चर्च, जुन्या लाल विटांची इमारत. आतल्या बाईंनी आम्हाला बसायला सांगितलं, बाबांना त्या गावाचा शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा भिंतीवर दाखवला. बाबांनी त्यावर रेल्वेची लाइन बोटाने शोधली आणि ती आता का दिसत नाही असं मला विचारायला लावलं. कोळशाच्या खाणी बंद झाल्या, लाइन उखडली, असं उत्तर मिळालं.

न्यूयॉर्क राज्यात शिरल्यावर, दुपारी, जे व्हायला नको होतं ते झालं. आमचा पुढचा ठिपका एक रेस्ट एरिया होता. बोर्ड आला, वळणही दिसलं आणि वळणावर नारिंगी शंकू मांडलेले. दुरुस्तीसाठी बंद. चूक माझी होती. खात्याच्या साइटवर ते लिहिलेलं असणार, पण मी दोन आठवड्यांपूर्वी उतरवून घेतलेली यादी निघायच्या दिवशी परत तपासली नव्हती. जागेचं नाव देत नाही, आता ती उघडलीही असेल. तुम्ही मात्र निघताना यादी नक्की तपासा.

मागच्या थांब्यावर सगळे चहा प्यायले होते आणि आईंच्या आग्रहाने बाबांनीही घेतला होता. मी पुढच्या सीटवरून मागे वळून पाहिलं. बाबांनी दारावरचं हँडल घट्ट धरलं होतं आणि डोळे समोरच्या रस्त्यावर होते. निखिलने माझी नजर पकडली, मग आरशात बाबांकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्या क्षणी त्याला सगळं कळलं. त्याने अगदी साध्या आवाजात विचारलं, बाबा, कडेला घेऊ का? बाजूने ट्रक धडधडत जात होते. बाबा म्हणाले, नको.

पुढचा ठिपका अठरा मिनिटांवर होता. मी फोनवर तो हौशी लोकांचा नकाशा उघडला आणि पुढच्या एक्झिटच्या आसपास मोठा करत गेले. शेतं, एक ओढा, एक स्मशान. मग गावाच्या बाहेर एक हिरवा चौकोन, त्यात बेसबॉलचं मैदान आणि मैदानाच्या कोपऱ्यात शौचालयाचं बारीक चिन्ह. कोणीतरी कधीतरी टाकलेलं. खरं असेल का? उपग्रहाचा फोटो लावला. झाडांच्या सावलीत एक करडा चौकोन दिसत होता. छप्पर असेल, नाहीतर पत्र्याची सामानाची खोली. मी निखिलला म्हटलं, पुढचा एक्झिट घे, उजवीकडे, चार मिनिटं.

ती चार मिनिटं मी फोनकडे आणि रस्त्याकडे आळीपाळीने बघत होते. मनात येत होतं, तिथे नुसती खोली निघाली किंवा कुलूप असलं तर हा माणूस पुन्हा घराबाहेर पडणार नाही, आणि त्याला घराबाहेर काढणारी मी. मैदान आलं. कोणी खेळत नव्हतं. कोपऱ्यात सिमेंटच्या विटांची बुटकी खोली होती. निखिलने गाडी गवतावरून थेट तिथवर नेली. बाबा उतरले, झपाझप गेले आणि दाराला हात लावला. दार उघडलं.

आई पुटपुटल्या, सुटलो. निखिलने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. मी गाडीतून उतरले आणि मैदानाच्या कडेला उगाचच चालायला लागले.

बाबा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. खोलीच्या मागच्या नळावर त्यांनी हात धुतले, तोंड धुतलं आणि रुमालाने पुसत मैदानाच्या बाकावर येऊन बसले. मी त्यांच्या शेजारी बसले. मैदानापलीकडे मका उभा होता आणि वारा सुटला होता.

थोड्या वेळाने ते म्हणाले, “त्या वेळी बाटली सांडली नव्हती.”

“माहीत आहे बाबा.”

“तेव्हाच कळलं होतं तुला?”

“हो.”

त्यांनी रुमालाची घडी घातली. मग म्हणाले, “मग बरं झालं. मला वाटत होतं, मी एकटाच लपवतोय.”

आईंनी गाडीतून पाण्याची बाटली आणून त्यांच्या हातात दिली आणि त्यांनी ती अर्धी संपवली. चार वर्षांत गाडीच्या प्रवासात त्यांना पाणी पिताना मी पहिल्यांदा पाहिलं. निखिल येऊन समोर गवतावर बसला. बाबांनी त्याला स्वतःच सांगितलं, दोन वाक्यांत, डॉक्टरांना सांगावं तसं. निखिलने विचारलं, मला का नाही सांगितलं? बाबा म्हणाले, तू हॉटेलं बुक करत होतास, तुला काय सांगणार? आणि ते हसले, मग निखिलही हसला, पण त्याने चष्मा काढून पुसला.

निघण्याआधी बाबांनी विचारलं, ही जागा नकाशावर कोणी टाकली? मी त्यांना दाखवलं. त्या नकाशात प्रत्येक ठिपक्यामागे तो कोणी आणि केव्हा टाकला हे दिसतं. खरं नाव नसतं, घेतलेलं टोपणनाव असतं. सहा वर्षांपूर्वीची नोंद होती.

“याला पगार मिळतो?”

“नाही.”

“मग नोंद अर्धवट का ठेवली?” बाबा म्हणाले आणि उठले. नळ मागच्या बाजूला आहे, ते लिहिलेलं नव्हतं. दाराशी एक उंच पायरी आहे, धरायला दांडी नाही, आत दिवा नाही. त्यांनी पायरीची उंची वितेने मोजली. मी माझ्या खात्यातून ते सगळं तिथेच उभ्या उभ्या नोंदवलं. अशी भर घालायला पाच मिनिटं लागतात, खातं उघडायला आणखी दोन. त्यानंतर प्रत्येक थांब्यावर बाबा माझ्याआधी उतरले. छोट्या वहीत लाइन तपासावी तसं लिहायचे: पायऱ्या किती, दांडी आहे का, पार्किंगपासून पावलं किती, पाणी कसं. मला जायचंय असं म्हणायची मला पुढे गरज पडली नाही.

पहिली रात्र आम्ही हायवेजवळच्या एका साध्या मोटेलात काढली, खोलीला साधारण एकशेवीस डॉलर. शुक्रवारी सकाळी लेचवर्थ पार्क. हे ठिकाण बरेच लोक चुकवतात, कारण सगळ्यांना नायगाराची घाई असते. चुकवू नका. गाडीला दहा डॉलर घेतात आणि आतला रस्ता खोल दरीच्या काठाकाठाने जातो. जेनेसी नदी तीन ठिकाणी खाली उडी घेते, त्यातला मधला धबधबा सर्वांत देखणा. पायवाटा चांगल्या आहेत पण पायऱ्या दगडी आणि ओल्या असतात, गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच बघावं. आई वरच बसल्या. बाबा आणि निखिल खाली उतरले आणि तासभर परत आले नाहीत. मी कठड्यावरून पाहिलं तर दोघं एका वळणावर उभे होते, बाबा नदीवरच्या रेल्वेच्या पुलाकडे हात करून काहीतरी समजावत होते. आई म्हणाल्या, निखिलच्या लहानपणी कामाच्या साइटवर न्यायचे ते त्याला, मोटरसायकलवर पुढे बसवून.

संध्याकाळी नायगारा. पार्कात शिरायला पैसे पडत नाहीत, गाडी लावायला पडतात, आणि शनिवार-रविवारी जागा मिळवायची तर दहाच्या आत पोचा. जेवायला भारतीय हॉटेलं पावलापावलाला आहेत. चव यथातथा, पण गरम फुलका मिळतो. धबधब्याबद्दल मी काय लिहू? आई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, एवढं पाणी येतं तरी कुठून? बाबांनी त्यांना वरची चार सरोवरं सांगितली, एकाखाली एक. नकाशावर पाहून ठेवली होती.

शनिवारी बोटीची रांग. माणशी तीसएक डॉलर, निळा रेनकोट त्यातच येतो. रांग पाऊण तासाची होती आणि मध्यावर बाबांना जावंसं वाटलं. जागा कुठे आहे हे आम्ही आल्याआल्या बघून ठेवलं होतं, पण रांगेतून निघून परत घुसायचं कसं, म्हणून ते घुटमळले. मागे टोपी घातलेले एक आजोबा नातीबरोबर उभे होते, ओहायोहून आलेले. त्यांनी बाबांकडे पाहिलं, मग मला विचारलं, त्यांना रेस्टरूमला जायचंय का? मी हो म्हटलं. ते बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुम्ही जाऊन या, मग मी जातो, आपण एकमेकांची जागा धरू. बाबा जाऊन आले, मग ते आजोबा जाऊन आले. दोघांचं इंग्रजी एकमेकांना फारसं कळत नव्हतं, तरी दोघं कितीतरी वेळ बोलत होते. बोटीत शिरताना बाबा मला म्हणाले, “त्यांनाही दर पाऊण तासाला जावं लागतं. ते ओहायोहून गाडी चालवत आलेत.”

बोट घोड्याच्या नालेसारख्या धबधब्याच्या अगदी पोटात जाते. पाणी इतकं उडतं की समोरचं काही दिसत नाही, नुसता आवाज. बाबा पुढच्या कठड्याशी, चेहरा वर करून, सगळं अंगावर घेत उभे होते. निळ्या रेनकोटातला त्यांचा फोटो निखिलने काढला. धूसर आहे, निखिलचं बोट मध्ये आलंय, पण काढला.

रविवारी त्याच रस्त्याने परत. संध्याकाळी सातला घरी. गाडीतून सामान काढताना निखिल डिकीपाशी थांबला आणि मला म्हणाला, इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यांना आपलं इथलं आयुष्य बघायचंच नाहीये. मी इकडे आलो ते त्यांना आवडलं नाही, म्हणून ते अंगणाच्या पुढे येत नाहीत. मी त्याच्या हातातली बॅग घेतली. एवढं मोठं ओझं तो वागवत होता आणि मला त्याचीही कल्पना नव्हती.

हे लिहू का असं मी बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, माझं नाव घालू नको, पण लिही, लोक घरात बसून राहतात. तेव्हा तुमच्याकडेही कोणी बाहेर पडायला कांकू करत असेल तर फार खोदून विचारू नका. रस्त्याचा नकाशा काढा, ठिपके टाका आणि समोर ठेवून द्या. वयस्कर माणसं, मधुमेहाची माणसं, लहान मूल घेऊन निघालेल्या बायका, कित्येकांचा प्रवास या एका गोष्टीवर अडतो. आणि जिथे थांबाल तिथल्या दोन ओळी नकाशात भरा. आमच्या त्या चार दिवसांत तेवीस नोंदी झाल्या.

सप्टेंबरात ते दोघं साताऱ्याला परत गेले. मागच्या शनिवारी बाबांचा फोन आला. शेजाऱ्यांबरोबर गाडी करून हरिहरेश्वरला जाऊन आले होते, महाबळेश्वर, पोलादपूर, घाटाने. निखिल नुकताच जेवायला बसला होता. त्याने फोन ताटाशेजारी स्पीकरवर ठेवला. बाबा सांगत होते: मेढ्याच्या पंपावर स्वच्छ आहे, घाट उतरल्यावर एक हॉटेल बरं आहे, महाडच्या पुढे मात्र काहीच नाही, तिथे काहीतरी करायला हवं. मी आवरून, भांडी लावून बाहेर आले तेव्हा पाऊण तास झाला होता. निखिलची खिचडी तशीच होती, त्याच्या पुढ्यात कागद होता, पेन होतं, आणि तो विचारत होता, “बरं, मग महाडनंतर कुठे थांबलात?”